पॅटर्निटी लीव्ह सहाव्या आठवड्यात घ्या

आमच्या ऑफिसात कुणाला बाळ झालं की तीन गोष्टी ठरलेल्या. पेढे, 'आता झोप विसर' हा जोक, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबाची दोन आठवड्यांची रजा. पेढे आणि जोक चालू राहू देत. रजेच्या तारखेबद्दल मात्र मला आज जरा भांडायचंय.

पहिल्या पंधरा दिवसांत बाळ बराचसा वेळ झोपतं. घरात आजी असते, मालिशवाली मावशी असते, डिंकाचे लाडू असतात. बाबाला काम काय? तर बर्थ सर्टिफिकेटच्या रांगेत उभं राहणं आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं. मग सव्वा महिना होतो, मावशी बंद होते, आजी गावी जाते, बाबा कधीच ऑफिसला रुजू झालेला असतो. आणि नेमकं तेव्हाच बाळ रडायला लागतं.

हे 'नेमकं तेव्हाच' मी उगाच म्हणत नाहीये. बेरी ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयांनी रोज डायरी लिहिली होती. त्यात दिसलं की चांगली धडधाकट बाळंसुद्धा सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त रडतात, दिवसाला साधारण पावणेतीन तास. मग रडणं उतरत जातं आणि बाराव्या आठवड्यापर्यंत बरंच कमी होतं. ग्राफ काढला तर एक टेकडी दिसते. पुढे १९९१ मध्ये रोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी कालाहारीतल्या कुंग लोकांच्या बाळांवरचा अभ्यास मांडला. तिथे बाळ दिवसभर आईच्या अंगाशी असतं, जरा कुरकुरलं की दूध मिळतं. तरी टेकडी होतीच! फक्त रडण्याचा एकूण वेळ बराच कमी होता.

याच टेकडीचं उंच टोक म्हणजे कोलिक. मॉरिस वेसल यांनी १९५४ मध्ये त्याची व्याख्या केली: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस, तीनपेक्षा जास्त आठवडे. साधारण पाचातल्या एका बाळाला हा त्रास होतो असं मानतात. २०१६ च्या 'रोम ४' निकषांत ही तीन आठवडे थांबण्याची अट नाही आणि एक फार मोलाची गोष्ट व्याख्येतच लिहिली आहे: उघड कारण नसलेलं, आणि सांभाळणाऱ्यांना टाळता किंवा थांबवता न येणारं रडणं. परत वाचा. थांबवता न येणारं, हे व्याख्येतच आहे. म्हणजे तुम्हाला थांबवता आलं नाही तर तो तुमचा दोष नाही.

आता आपल्याकडे काय होतं बघा. बाळ पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन रडलं की निदान तयार: पोटात दुखतंय. 'कोलिक' हा शब्दही मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आलाय, म्हणजे तिकडच्यांनीही हेच गृहीत धरलं होतं. पण जोरात रडणारं कुठलंही बाळ पाय वर घेतं आणि हवा गिळतं. पोटातला वारा हे रडण्याचं कारण आहे की परिणाम, हे त्यावरून कळत नाही.

पण एकदा पोट म्हटलं की पुढचा प्रश्न येतो तो आईला. "तू काय खाल्लंस?"

दिघ्याला आमच्या बिल्डिंगच्या भिंती अशा आहेत की आमच्याकडे बाळ रडलं की तीन मजल्यांना कळतं. सकाळी मी जिना उतरेपर्यंत चार सल्ले मिळतात. शेजारच्या काकूंच्या मते तूरडाळ, वरच्या मजल्यावरच्या आजींच्या मते कोबी, कुणाच्या मते बटाटा. सगळी प्रेमाची माणसं आहेत, अडीअडचणीला हीच धावून येतात. पण या यादीतलं एकेक काढत गेलं की बाळंतिणीच्या ताटात उरतो दूधभोपळा आणि मऊ भात. आमच्या घरी ते दोन आठवडे चाललं. रडणं होतं तेवढंच राहिलं, बायकोचं जेवण मात्र अर्ध्यावर आलं आणि वर 'माझ्याच दुधात काहीतरी आहे' हे मनात बसलं. मला राग येतो तो याचा. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते, हे खरं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, जिन्यात नाही.

दुसरा मोर्चा औषधांचा. सहाण काढा, मुरुडशेंग उगाळा, वेखंड उगाळा. मुरुडशेंग आतड्यासारखी पिळवटलेली दिसते आणि मुरड्यावर देतात, हे साम्य मला गमतीचं वाटतं. पण सहाणेवर किती वेढे म्हणजे किती डोस, ती सहाण धुतली होती का, हे कोण सांगणार? पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नको, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो.

आणि ग्राइप वॉटर! १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने ते बाजारात आणलं. त्यात बडीशेपेच्या भावकीतल्या शेपूचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. बाळ शांत होई यात नवल ते काय! पुढे अल्कोहोल गेलं, विश्वास तसाच राहिला. वाऱ्यावरचे सिमेथिकोनचे थेंब चाचण्यांत औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. डायसायक्लोमिनचा परिणाम होतो, पण श्वासाचा धोका असल्यामुळे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नसतं. दुकानदाराने 'हे चालतं सगळ्यांना' म्हणून दिलं तरी लेबल वाचा. लॅक्टोबॅसिलस रूटेरीच्या थेंबांनी अंगावर पिणाऱ्या बाळांना थोडा फरक पडतो असं २०१८ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, तेही डॉक्टरांना विचारूनच.

'थोडं घरगुती केलं तर काय बिघडतं?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी. २०२५ च्या सुरुवातीला मेळघाटातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे ६५ चटके दिले गेले. पोटाच्या दुखण्यावर डागणं ही तिथली जुनी प्रथा आहे. आपण शहरातले लोक ते वाचून हळहळतो, आणि इकडे दुकानातून न विचारता थेंब आणतो. दोन्हींत फरक प्रचंड आहे, मान्य. पण मूळ भावना एकच: बाळ रडतंय, काहीतरी केलंच पाहिजे.

मग करायचं काय? उभं धरा, अंगाशी घ्या, हलकेच डोलवा, फेऱ्या मारा. मऊ दुपट्यात गुंडाळा, पण कंबर आणि पाय मोकळे राहू देत आणि झोपवताना पाठीवरच. पंख्याची घरघर किंवा तोंडाने 'श्श' चालतं. आमच्याकडे दिघा गाव स्टेशनहून जाणाऱ्या लोकलचा दूरचा आवाज कधी कधी चालतो, कधी नाही. तिन्हीसांजेला बाळं जास्त किरकिरतात हे आज्यांना कुठल्याही अभ्यासाआधी ठाऊक होतं. म्हणून त्या वेळी बाकी कामं ठेवूच नका. घरात दिवे मंद, टीव्ही बंद.

मात्र काही गोष्टी कोलिक नाहीत, तिथे लगेच डॉक्टर: ताप (तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त), हिरवी उलटी, शीत रक्त, दूध न ओढणं, मलूल पडणं, वजन न वाढणं, जांघेत सूज. हाताची-पायाची बोटंही बघा, कधी कधी केस गुंडाळलेला सापडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या तासाला चांगल्या माणसाच्याही डोक्यात सणक जाते. त्या क्षणी बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. राग आला तर बाळाला पाठीवर सुरक्षित जागी ठेवा, दार ओढा, दहा मिनिटं गॅलरीत जा. त्या दहा मिनिटांत बाळाला काही होत नाही.

म्हणजे खरा उपाय बाळाला नाही, सांभाळणाऱ्यांना लागतो. प्रॉडक्शन सपोर्टला आपण एकाच माणसाला सहा आठवडे रोज रात्री बसवतो का? रोस्टर करतो, हँडओव्हर देतो. मग घरी ते एकटीने का करायचं?

आता रजेचं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा असते आणि ती जन्मापासून सहा महिन्यांत घेता येते. खाजगी नोकरीत कायद्याची सक्ती नाही, कंपनी देईल ती. तेव्हा आधी एचआरला विचारा: तुकडे करता येतात का? नंतर घेता येते का? येत असेल तर जन्मानंतर चार-पाच दिवस घ्या आणि बाकीची पाचव्या ते आठव्या आठवड्यासाठी राखून ठेवा. बायको माहेरी असेल तर तिकडे जाऊन राहा. 'जावई इतके दिवस?' असं कुणी म्हणालं तर म्हणू देत. आणि रजा शिल्लकच नसेल तर निदान संध्याकाळी सातची मीटिंग नाकारा. रडणं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. तोवर ते कुणाच्या खांद्यावर असेल, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.