गॅलरीतली मुसांडा

मे महिन्याच्या सुट्टीत सुरतेला अक्काकडे गेलो होतो. दारातच आईनं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी गॅलरीत चल. माझं झाड बघ."

झाड म्हणजे कुंडीतली मुसांडा. नवी पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. फूल एकही नाही. "मण्णु सरी इल्ल," आई म्हणाली. आणि मग अक्काला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "मला खानापूरला घेऊन चल."

बाबा गेल्यावर आई अक्काकडे राहायला गेली. अक्काचं घर उधन्याला. तिथं खानदेशी माणसं इतकी, की भाजीवाल्याशी मराठीत बोलून भागतं. कन्नड मात्र कानावर पडत नाही. आईचं माहेरचं बोलणं सगळं कन्नडमधलं. आता तिच्याशी कन्नड बोलायला मी, तेही फोनवर.

पावसाळ्यात जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाताना झाडीच्या कडेला हिरव्यात पांढरी पानं टांगल्यासारखी दिसतात, तो भूतकेस. खरं फूल इवलंसं, केशरी. पांढरं दिसतं ते फुलाच्या बुडाचं एक निदल, वाढून पानाएवढं झालेलं. आईला हवा होता तो. नर्सरीत मिळाली त्याचीच गुलाबी चुलत बहीण.

तिचं मूळ घरही डोंगरातलंच. १९१५ साली फिलिपाइन्समधल्या माकिलिंग डोंगरावर एक वेगळं झुडूप सापडलं. एकाऐवजी पाचही निदलं पांढरी, मोठी. पुढं त्याला तिथल्या राष्ट्राध्यक्ष केझोन यांच्या पत्नीचं, आउरोरा यांचं नाव मिळालं. त्याचा आफ्रिकेतल्या लाल मुसांडाशी संकर करून गुलाबी जाती झाल्या. 'दोन्या लुझ' ही त्यातली एक, तीही राष्ट्राध्यक्षांच्याच पत्नीच्या नावाची. या संकरित झाडांना बी धरत नाही. फांदी लावायची, नाहीतर गुटी बांधायची.

मी मराठी शिकवणारा माणूस. म्हणून कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याला फोन लावला. उन्हानं झाड असं झालं, हा अक्काचा ग्रह. तो म्हणाला, "ऊन सोसतं ते. पाणी कुठलं घालता?" पाणी बोअरचं, जड. माती तापीकाठची काळी, चुन्याची. अशा मातीत लोह असून झाडाला उचलता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात. आपल्या खानापूरची तांबडी माती आंबट, तिथं ही अडचण येत नाही. शिवाय काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. त्यात शेजारणीनं सांगितलं म्हणून अक्का दर आठवड्याला अंड्यांची टरफलं कुस्करून घालत होती! म्हणजे चुन्यावर आणखी चुना. बिचारीनं मायेनंच केलं होतं. मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, हे जरा वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं.

काळी माती काढली. नवीन मिश्रणात कुजलेला पालापाचोळा निम्मा, बाकी जाड वाळू, कोकोपीट आणि थोडी जुनी माती. कुंडीचं भोक बुजलं होतं, ते मोकळं करून वर खापरीचे तुकडे ठेवले. खतांच्या दुकानातलं चिलेटेड लोह पुडीवरच्या प्रमाणात, पंधरा दिवसांनी एकदा, संध्याकाळी फवारायचं. कुंडी सकाळचं ऊन मिळेल अशी हलवली. पाऊस लागल्यावर गच्चीचं पाणी पिंपात धरायचं काम भावोजींनी अंगावर घेतलं. पिंपाला झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डासांची पैदास.

पिवळी झालेली जुनी पानं काही सुधारली नाहीत. ती गळलीच. जुलैत आलेला पाला मात्र हिरवा होता. भाच्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. आईनं फोनवर पहिल्यांदा झाडाबद्दल तक्रार केली नाही, भावोजींबद्दल केली: "पिंपातलं पाणी गाडी धुवायला घेतात." म्हणजे ठीक चाललं होतं. सप्टेंबरात पहिला गुलाबी घोस आला. थंडी सरता सरता फांद्या एक तृतीयांश छाटायच्या, हे तिला सांगून ठेवलंय. कात्री हातात घ्यायला ती कचरते. न छाटलं तर मुसांडा नुसती लांबत जाते आणि फुलं शेंड्याला.

खानापूरला यायचं तिनं अजून सोडलेलं नाही. परवा विचारलं, तर म्हणाली, "दिवाळीनंतर बघू, आता फुलं आहेत." आणि लगेच, "येताना जांबोटीकडच्या भूतकेसाची फळं घेऊन ये. त्याला बी असतं ना? हे छान आहे, पण हे आपलं नव्हे."

फळं पिकली की आणायची आहेत. आणि एका पिशवीत तांबडी मातीही. गाडीत तेवढी जागा होईल.