कॉफी विसाव्यासाठी, जागरणासाठी नव्हे

परीक्षा जवळ आल्या की छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन मुले बाह्यरुग्ण विभागात येऊ लागतात. ईसीजी बहुधा ठीक असतो. मग मी विचारतो, ‘दिवसाला कॉफी किती?’ मध्यंतरी छावणीतला एक विद्यार्थी बोटे मोजत सहावर थांबला. शेवटचा कप रात्री एक वाजता. ‘अभ्यासासाठीच पितो हो,’ आईने बाजू घेतली.

कॉफीच्या मायदेशाशी आपल्या शहराचे जुने नाते आहे. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून त्याची विक्री येमेनच्या मोखा बंदरात झाली होती. पुढे हेच बंदर कॉफीच्या व्यापारासाठी जगभर गाजले. बाबा बुदन यांनी येमेनमधूनच सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची परंपरा आहे. आपल्या चिखलदऱ्यातही कॉफी पिकते.

अरेबिका कॉफी मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील जंगलांतली. काफा, जिम्मा, दक्षिणेचे सिदामा आणि यिर्गाचेफे, पूर्वेचे हरार हे तिथले नामांकित कॉफी प्रदेश. आफ्रिकेत सर्वाधिक कॉफी पिकवणारा हा देश आपल्या पिकाचा मोठा वाटा स्वतःच पितो. तिथे घरी बिया भाजतात, कुटतात, मातीच्या सुरईत उकळतात. शेजारीपाजारी जमतात. अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या होतात. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालत असल्याने प्रत्येक फेरी आधीपेक्षा सौम्य. यात तास-दोन तास सहज जातात.

आपण मात्र पुडी फोडतो आणि उभ्या उभ्या कप रिकामा करतो. कॉफीतले कॅफिन ताकद देत नाही. मेंदूला थकव्याची सूचना देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची वाट ते अडवते, एवढेच. थकवा जागेवरच असतो. शरीरातले कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री एकच्या कपातले निम्मे कॅफिन सकाळी सहालाही अंगात असते. वाचलेले पक्के होते ते झोपेत, आणि तीच आपण गमावतो.

कॉफी वाईट नाही. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, गर्भवतीने २०० च्या आत राहावे. चहातले कॅफिनही यातच धरायचे. किशोरवयीन मुलांची मर्यादा याहून बरीच कमी. जेवणासोबत चहा-कॉफी घेतल्यास अन्नातले लोह कमी शोषले जाते. रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवण आणि कप यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

त्या मुलाची कॉफी मी एकदम बंद केली नाही, त्याने डोके दुखते. रोज एक कप कमी करायचा, आणि दुपारनंतर कॉफी नाही. शेवटी दोनच कप उरतील. त्यातला एक आईसोबत, पुस्तक मिटून, बसून प्यायचा. माझ्या मते औषधाचा निम्मा गुण त्या बसण्यात आहे.