भोकाचं वांगं

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला आणि सकाळी सडा टाकताना हात गारठायला लागले, की आमच्या अहमदपुरात भरताचे वेध लागतात. ज्या घरी चातुर्मास पाळतात, त्या घरानं आषाढातल्या कांदेनवमीलाच कांदा, लसूण आणि वांग्याचा निरोप घेतलेला असतो. काही घरी कार्तिकी एकादशी झाली की वांगं येतं. खंडोबाचं कुळ असलेल्या आमच्यासारख्या घरात मात्र चंपाषष्ठीची वाट पाहायची. त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच आपल्या ताटात. पुढे येळवशीला शेतात जायचं, तिथं भज्जी, आंबील आणि कोपीतली पूजा. त्याच सुमारास नांदेडच्या वाटेवर माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. थोडक्यात, हे दिवस वांग्याचे!

तर अशाच एका चंपाषष्ठीच्या आदल्या बाजाराची गोष्ट. मी वांगी निवडत होते. निवडत म्हणजे कशी? आपण सगळ्याच निवडतो तशी. एकेक उचलायचं, गरकन फिरवायचं, देठापासून बुडापर्यंत बघायचं, भोक दिसलं की बाजूला टाकायचं. भाजीवाल्या मावशी मुकाट्यानं बघत होत्या. त्यांच्या मागे पोत्याखाली अजून थोडी वांगी झाकलेली दिसली. मला वाटलं, चांगला माल लपवून ठेवलाय!

"मावशी, ती दाखवा की."

"ती इकायची न्हाईत ताई. ती आमच्या घरच्या कालवणाची. बांधाला चार झाडं हायेत, त्याला औषध मारत न्हाई आमी."

"आणि ही?"

"ह्याला मारावं लागतंय. तुमी भोकाचं घेत न्हाईत, मग काय करावं? मागच्या साली मालकाला फवारतानाच चक्कर आली. दोन दिवस दवाखान्यात सलाईनवर होते."

मावशींच्या बोलण्यात राग नव्हता. भाव सांगावा तसं सांगून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मी मात्र हातातलं चकचकीत वांगं धरून तशीच बसले. कारण 'भोकाचं घेत न्हाईत' त्यातली पहिली मीच! आणि नुसती घेत नाही एवढंच नाही. बचत गटाच्या बैठकांत आरोग्यावर बोलताना मी कितीदा तरी सांगितलंय, "भाजी बघून घ्या. डाग नको, भोक नको." बी.ए. झालेली बाई सांगते म्हणून बायका मानाही डोलावायच्या.

त्या दिवसापासून मी या अळीची माहिती काढायला लागले. आमच्या गटानं कृषी खात्याच्या माणसालाही बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. या अळीचं नावच शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. पतंग पानांवर, शेंड्यांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. पुढे फळं धरली की ती फळात शिरते. आत जाताना तिचं भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं आणि तेही बुजून जातं. पोटभर खाऊन मोठी झाली, की मातीत कोषात जाण्यासाठी ती बाहेर पडते. आपल्याला दिसतं ते मोठं भोक बहुतेक वेळा हे बाहेर पडल्याचं!

म्हणजे बघा, भोकाच्या वांग्यातून अळी कधीच निघून गेलेली असू शकते आणि बिनभोकाच्या गुळगुळीत वांग्यात ती आरामात बसलेली असू शकते. मग आपण इतकी वर्षं बाजारात फिरवून फिरवून काय बघत होतो?

दुसरी गोष्ट, एकदा अळी आत शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून शेतकरी पुन्हा मारतो, परत मारतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं, हळहळलो. कपाशी वेगळी, वांगी वेगळी, पण पाठीवरचा पंप तोच ना?

या एवढ्याशा अळीचा विषय दिल्लीपर्यंत गेला होता. आपल्या मराठवाड्यातल्याच जालन्याच्या महिको कंपनीनं या अळीला पुरून उरणारं बीटी वांगं तयार केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं त्याला मान्यता दिली आणि देशभर वाद पेटला. नागपुरासह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशानं २०१३ मध्ये तशाच वांग्याला परवानगी दिली. त्या वादात कोण खरं, कोण खोटं हे सांगण्याएवढी मी शहाणी नाही. मला एवढंच दिसतं, की मंत्र्यांच्या निर्णयासाठी अळी काही थांबून राहिली नाही आणि वांगी पिकवणाऱ्याच्या हातातला पंपही सुटला नाही.

मग करायचं काय? उपाय आहेत आणि त्यातले कितीतरी बायकांच्या हातचे आहेत. मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करायचे, किडकी फळं वावरात पडू द्यायची नाहीत, पतंग अडकवायला कामगंध सापळे लावायचे, पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा. खुरपणाला, तोडणीला वावरात असतात त्या बायकाच. पण शेतकी मेळाव्याचं निमंत्रण येतं घरच्या पुरुषाला! आमच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "शेंडा सुकलेला आम्हाला रोज दिसतो, पण तो खुडायचा असतो हे आजवर कुणी सांगितलंच नाही."

आणि आपण, वांगी विकत घेणाऱ्या? मैत्रिणींनो, पुण्या-मुंबईच्या बाईला तिच्या पिशवीतलं वांगं कुणी पिकवलं हे कळायचा मार्ग नाही. आपल्याला आहे. आठवडी बाजारात पिकवणारी बाईच पुष्कळदा समोर बसलेली असते. तिला भोकाबद्दल नको, फवारणीबद्दल विचारा. "शेवटचं औषध कधी मारलं? त्यानंतर किती दिवसांनी तोडली?" प्रत्येक औषधानंतर तोडणीपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर तीही घरी जाऊन विचारेल. आणि चार भोकाची वांगी घेतलीत, तर कृपा करून अर्ध्या भावात मागू नका.

"पण किळस वाटते हो," असं मला आमच्या भिशीत ऐकावं लागलंच. वाटते, कबूल आहे. कुणी अळी खावी असं मी मुळीच म्हणत नाही. कुजलेलं वांगं टाकूनच द्यायचं. पण एका कोपऱ्यात पोखरलेलं असेल तर तेवढा भाग काढला की झालं. माझ्या सासूबाई तर भरताचं वांगं उभं चिरल्याशिवाय कधी विस्तवावर ठेवायच्याच नाहीत. किडका भाग सुरीनं काढून म्हणायच्या, "अळीनं खाल्लं ते तिचं, राहिलं ते आपलं."

त्यांचीच पद्धत सांगते. वांगं आकाराच्या मानानं हलकं घ्यावं, जड असलं की आत बिया फार. देठ हिरवा हवा. स्वच्छ धुऊन, पुसून, देठाकडे जोडलेलं राहील असे चार उभे छेद द्यावेत आणि आत नीट बघावं. मग त्या छेदांत लसणाच्या चार पाकळ्या नि एक हिरवी मिरची खोचावी, वरून तेलाचं बोट फिरवावं आणि भाजायला ठेवावं. सासूबाई तुराट्यांचा जाळ करायच्या. मी गॅसवर जाळी ठेवते. चुलीच्या चवीचं कौतुक चुलीपुढे न बसणाऱ्यांनाच फार असतं! सगळीकडून काळं पडून मऊ झालं, की ताटाखाली झाकून ठेवावं, साल आपोआप सुटते. सोलताना पाण्याखाली धरू नये, सगळी चव वाहून जाते. मग लसूण-मिरचीसकट ठेचावं. करडईच्या तेलात जिरं-मोहरीची फोडणी, त्यात कांद्याची पात परतावी, मग ठेचलेलं वांगं, मीठ, मूठभर शेंगदाण्याचा कूट आणि वरून कोथिंबीर. सोबत ज्वारीची कडक भाकरी.

यंदाच्या चंपाषष्ठीला मी त्याच मावशींकडे गेले. "पोत्याखालची द्या," म्हटलं. त्यांना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी सहा वांगी काढून दिली, त्यातल्या दोघांना भोकं. मी बाकीच्यांचा भाव त्यांनाही दिला. घरी येऊन चिरली, तर भोकाच्या दोन्हींत अळी नव्हती. थोडा भाग काढून टाकला, बाकीच्याचं भरीत केलं आणि देवापुढे ठेवलं.

खंडोबानं काही तक्रार केली नाही.