चित्राखालची ओळ

जॉन सिंगर सार्जंटने १९०२ साली रंगवलेले लॉर्ड रिबल्सडेल यांचे तैलचित्र एडवर्डकालीन इंग्लंडविषयीच्या लेखनात हमखास भेटते. उंच, कृश देह. डोक्यावर टॉप हॅट, अंगात लांब काळसर कोट, गुडघ्यापर्यंत चढलेले बूट, हातमोजा घातलेल्या हातात चाबूक. पाठीमागे रेघारेघांचा खांब. नजर आपल्यावर आहे, पण ती आपली दखल घेते असे मात्र वाटत नाही.

या चित्राचे वाचन आता जवळपास ठरून गेले आहे. साम्राज्य, सरंजाम, शिकार आणि मग्रुरी हे चार शब्द उच्चारले की समीक्षकाचे काम संपते. हे वाचन खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. रिबल्सडेल १८९२ ते १८९५ या काळात राणीच्या शिकारी कुत्र्यांच्या पथकाचे प्रमुख होते. सातव्या एडवर्डने त्यांना ‘पूर्वज’ असे टोपणनाव दिले होते, ते या ऐटीकडे पाहूनच. आमची तक्रार वेगळी आहे. हे वाचन १९०२ सालीच थांबते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत हे चित्र आले ते १९१६ साली, खुद्द रिबल्सडेल यांनी दिलेली भेट म्हणून. आणि ती भेट पत्नी व दोन मुलगे यांच्या स्मरणार्थ होती. पत्नी शार्लट १९११ साली वारली. थोरला मुलगा टॉमस १९०४ साली सोमालीलँडच्या मोहिमेत मारला गेला. धाकटा चार्ल्स विद्यार्थिदशेत स्वतंत्र मजूर पक्षात गेलेला, म्हणजे बापाच्या साऱ्या जगाकडे पाठ फिरवू पाहणारा. तो १९१५च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीत झालेल्या जखमांनी गेला. चित्र रंगले तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता.

मृतांच्या स्मरणार्थ बापाने स्वतःचेच चित्र द्यावे, हे प्रथमदर्शनी विलक्षण आत्ममग्न वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. परंतु वडिलोपार्जित वाड्यांच्या भिंतींवर अशी पूर्ण उंचीची चित्रे टांगली जातात ती पुढच्या पिढ्यांसाठी. ते साडेआठ फुटी चित्र ज्यांच्याकडे जायचे, तेच उरले नव्हते. (मुली होत्या, पण किताब मुलींकडे जात नसे.) घराने ठेवून घ्यायची वस्तू घराबाहेर गेली. १९२५ साली रिबल्सडेल वारले आणि तो किताबही संपुष्टात आला. ‘पूर्वज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला त्या नावाचा वारसच राहिला नाही.

येथे हळवे होण्याचा धोका आहे, आणि तो आम्हाला मान्य नाही. टॉमस ज्या युद्धात पडला ते सोमाली प्रदेश ताब्यात ठेवण्यासाठीचे ब्रिटिश साम्राज्याचे युद्ध होते. तेथे मेलेल्या सोमालींची पूर्णाकृती चित्रे कोणी काढली नाहीत. शिवाय हा शोकमग्न विधुर १९१९ साली पुन्हा बोहल्यावर चढला, तेही टायटॅनिकवर बुडालेल्या कोट्यधीश ॲस्टरच्या घटस्फोटित पत्नीशी. माणसे अशीच असतात. चित्रातली मग्रुरी खरी आहे. त्या मग्रुरीने जे जग उभे केले त्याची किंमत तिच्याच घरातून वसूल झाली, हेही तितकेच खरे आहे. दुसऱ्या गोष्टीने पहिली पुसली जात नाही. पण ती वगळणाऱ्या समीक्षेला आम्ही राजकीय समीक्षा म्हणणार नाही, आळशी म्हणू.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे चित्र पाहिले आहे ते छापील प्रतिकृतीत. आम्हीही तेथेच पाहिले. प्रतिकृतीत टोपी येते, चाबूक येतो, बूट येतात. देणगीची ओळ तेवढी येत नाही. हे चित्र मुखपृष्ठावर वापरणाऱ्या प्रकाशकांनी ती मलपृष्ठाच्या कोपऱ्यात तरी छापावी.