‘ओसी’ या दोन अक्षरांचे बेचाळीसशे

नाशिकच्या एका भगिनींचं पत्र आलंय. मुलगा बारावी झाला, त्याला कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचंय. आरटीएक्स ५०६० हे कार्ड ठरलंय, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढेच. त्याच कार्डाचे दोन प्रकार दुकानात आहेत, एक साधा आणि एक ‘ओसी’. ओसी साडेचार हजारांनी महाग. “मुलगा आणि दुकानदार दोघेही एका बाजूला, आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. मला यातलं काही कळत नाही, म्हणून गप्प बसावं का?” असं त्यांनी विचारलंय.

ताई, गप्प मुळीच बसू नका. मीही याच जागी उभी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

गोष्ट २०२४ सालच्या दसऱ्याच्या आधीची. माझी धाकटी नणंद वर्षा घरांच्या अंतर्गत सजावटीचा कोर्स करून बसली होती. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर ती खोल्यांची चित्रं अशी हुबेहूब बनवते की फोटो वाटावा. पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक चित्र तयार व्हायला रात्र जायची. एका आर्किटेक्टने काम देऊ केलं होतं, फक्त “चित्रं वेळेवर मिळाली पाहिजेत” ही अट. कार्ड घेतल्याशिवाय ते जमणार नव्हतं. नेमकी त्याच महिन्यात माझी भिशी लागली, ३६ हजारांची. खरं तर ती ओट्याच्या कडप्प्यासाठी राखून ठेवलेली. पण कडप्पा काय, अजून एक वर्ष थांबेल. हातातलं काम थांबत नाही. ह्यांना विचारलं, सासूबाईंना विचारलं, आणि ठरवून टाकलं.

कार्ड ठरलं आरटीएक्स ४०६०. वर्षाने मात्र घरी येताना कागदावर लिहून आणलं ते तीन पंख्यांचं ओसी कार्ड. किंमत ३२,९००. साधं होतं २८,७०० ला. मी म्हटलं, “अगं, या चार हजार दोनशेंत जास्तीचं मिळतं काय?” तर ती म्हणाली, “वहिनी, ते फास्ट असतं. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

मनाला लागलं. पण खोटं कशाला बोलू, खरंच कळत नव्हतं. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि अडलंनडलं तर सातवीचं गणित. माझा एक जुना विद्यार्थी आता इंजिनिअर आहे, आमच्या शाळेचे कॉम्प्युटर तोच बघतो. त्याला चहाला बोलावलं, वही घेतली आणि अगदी विद्यार्थिनीसारखी पुढ्यात बसले.

त्याने सांगितलं ते असं. कार्डाचा जीव म्हणजे त्याच्यावरची चिप. ती बनवून घेते एनव्हिडिया (दुसरी मोठी कंपनी एएमडी, तिच्या कार्डांचीही हीच कथा). मग आसुस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक अशा कंपन्या ती चिप घेतात, तिच्याभोवती पाटी, उष्णता शोषणारी पत्र्यांची चळत, पंखे असं सगळं बसवतात आणि आपापल्या नावाने विकतात. म्हणजे गिरणी एक, पीठ एक, पिशव्या वेगळ्या. चिप किती वेगाने चालवायची याचा एक आकडा एनव्हिडिया ठरवून देते. ४०६० ला तो २४६० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला २४६ कोटी ठोके. एखादी कंपनी कारखान्यातच हा आकडा थोडा चढवते आणि खोक्यावर ‘ओसी’ लिहिते. ओव्हरक्लॉक या शब्दाची ती दोन अक्षरं.

“थोडा म्हणजे किती?” मी विचारलं. त्याने फोनवर कंपन्यांची पानंच उघडून दाखवली. वर्षाच्या तीन पंख्यांच्या कार्डाला २५५० होता. तिथे मात्र माझं गणित कामी आलं. वाढ ९० ची, मूळ २४६० वर. शेकडा काढा: साडेतीनहून किंचित जास्त. आणि किमतीतली वाढ? २८,७०० वर ४,२००, म्हणजे साडेचौदा टक्के! हे तर सातवीच्या मुलालाही कळेल.

वर्षा ऐकत होती. म्हणाली, “पण साडेतीन टक्के तरी मिळतातच ना?” मी म्हटलं, तुझं चित्र दहा मिनिटांत होणार असेल तर सगळं मनासारखं झालं तरी एकवीस सेकंद वाचतील. तेवढ्यात तू चष्मासुद्धा पुसून होत नाहीस. खेळणाऱ्या मुलांचंही तेच. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दिसत असतील तर ६२ दिसतील. डोळ्यांना तो फरक जाणवायचा नाही.

शिवाय आणखी एक गंमत कळली. खोक्यावरचा आकडा ही कार्डाची शेवटची मर्यादा नसतेच. २०१२ सालापासून एनव्हिडियाच्या कार्डांना आपला वेग आपणच सांभाळायची सोय आहे. कार्ड स्वतःची उष्णता आणि मिळणारी वीज बघतं. गार असेल तर वेग वाढवतं, तापलं की कमी करतं. उन्हातून चालणारा माणूस सावली आली की पाय उचलतो ना, तसं. त्यामुळे साधं कार्डही चांगल्या हवेशीर पेटीत लिहिलेल्या आकड्याच्या वरच चालताना दिसतं. आणि ओसी कार्ड कोंदट पेटीत ठेवलं तर त्याची ती ९० ची मिजास उतरते. आमच्या डोंबिवलीच्या मे महिन्यात खोलीतच ३५ अंश असतात, तिथे कसला ओसी!

एक सांगते, ओसी म्हणजे शुद्ध फसवणूक असं मी म्हणत नाही. दोन तऱ्हेची ओसी कार्डं असतात आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे.

पहिली तऱ्हा जुळ्यांची. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं कार्ड, पंखे तेच, पत्रे तेच, वजनही तेच. फक्त एकाच्या नावापुढे ओसी. इथे बदल असतो तो कार्डाच्या आत भरलेल्या आकड्यात. दुकानात आम्हाला असं जुळं दाखवलं, २४६० आणि २४९०. सव्वा टक्का! त्याला दीड हजार जास्त. यात किमतीचा फरक शंभर-दोनशेचा असेल तर घ्या बापडं, नाहीतर हात जोडून सोडून द्या.

दुसरी तऱ्हा मोठ्या शरीराच्या कार्डांची. यात पंखे जास्त, पत्र्यांची चळत जाड. यांच्यावरही ओसी लिहिलेलं असतं, पण खरा गुण त्या अक्षरांत नाही, अंगात असतो. मोठे पंखे हळू फिरून तेवढीच उष्णता बाहेर काढतात, म्हणून आवाज कमी. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे सासूबाई कॉम्प्युटरपासून चार हातांवर झोपतात, तिथे हा गुण मोलाचा आहे, हे मी मान्य करते. जिथे उष्णता फार, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे वॅट आणि त्यापुढच्या कार्डांत, तिथे या गुणासाठी दोन पैसे जास्त द्यावेत. पण ४०६० ला लागतात जेमतेम ११५ वॅट. आपल्या दोन जुन्या बल्बांएवढे! तेवढ्यासाठी दोन चांगले पंखे पुरतात.

आणि हो, शिवणाची टेप घेऊन आधी पेटी मोजा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आपलं बायकी शहाणपण. तीन पंख्यांचं ते कार्ड २८ सेंटिमीटर लांब होतं, साधं २० चं. आमच्या कॅबिनेटमध्ये जागा निघाली साडेचोवीस! म्हणजे वर्षाचं लाडकं कार्ड आणलं असतं तर ते बसलंच नसतं. टेप गुंडाळून मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही.

मग एका शनिवारी आम्ही दोघी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदार मोठा गोडबोल्या. “मॅडम, साधं घेऊन पस्तावाल. ओसीमध्ये निवडलेली चिप असते, जास्त वर्षं टिकते.” डाळ निवडावी तशा काही कंपन्या चिपा निवडतात हे खरं आहे, पण कुठल्या खोक्यात निवडलेली आहे हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. आणि जास्त वेगाने पळवलं म्हणून वस्तू जास्त टिकते, हे कुठलं शास्त्र? वेग वाढवायचा तर बहुधा विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की उष्णता त्याहून भराभर वाढते. २०२० च्या सप्टेंबरात आरटीएक्स ३०८० ही मोठी कार्डं बाजारात आली, तेव्हा विशेषतः कारखान्यात वेग चढवलेली काही कार्डं खेळ चालू असतानाच कोलमडायला लागली होती. महिनाअखेरीस एनव्हिडियाने नवा ड्रायव्हर दिला, तेव्हा ती ताळ्यावर आली. रोज असं होतं असं नाही. पण चढवलेल्या वेगाला हातचं राखून काही उरत नाही, एवढं त्यावरून दिसतं.

त्याच दुकानात मी दुसरी गोष्ट विचारली. ४०६० साठी एनव्हिडिया एकूण ५५० वॅटचा वीजपुरवठा सांगते. आमच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पेटीतला विजेचा डबा, तोच सगळ्यांना वीज वाटतो) नऊ वर्षांचा, कंपनीचं नाव नसलेला. वर ५०० वॅट लिहिलेलं, पण ते लिहिणारा कोण कुणास ठाऊक. दुकानदार म्हणाला, “चालून जाईल हो.” माझ्या विद्यार्थ्याने मात्र बजावलं होतं की हा डबा गेला तर एकटा जात नाही, कधी कधी बाकीच्यांना घेऊन जातो.

आता भिशीचा हिशेब मांडा. ३६ हजारांतून ३२,९०० चं कार्ड घेतलं असतं तर हातात उरले असते ३,१००. त्यात चांगला एसएमपीएस येत नव्हता. मग नवं कोरं कार्ड त्या जुनाट डब्यालाच जोडलं असतं. साधं घेतलं, २८,७००. ५५० वॅटचा, ‘८० प्लस’ शिक्का असलेला एसएमपीएस ३,५५० ला. कॅबिनेटला मागच्या बाजूने गरम हवा ओढणारा एक पंखा ४८० ला. उरलेल्यांत स्टेशनबाहेर वडापाव, रिक्षा, आणि बाकीचे बँकेत.

बिलाच्या वेळी त्याने “कच्चं घेता का, स्वस्तात देतो” म्हणून बघितलं. भगिनींनो, इथे मात्र भुलू नका. या कार्डांना बहुतेक तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि ती मागायला गेलात की पहिला प्रश्न बिलाचा. पक्कं जीएसटी बिल घ्यायचं, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यायचा, आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघायचा. मी बिलाचा फोटोही काढून ठेवला, कारण ती थर्मल कागदावरची अक्षरं सहा महिन्यांत उडून जातात.

कार्ड बसलं. ज्या चित्राला रात्र लागायची ते दहा मिनिटं आणि पाच सेकंदांत आलं. वर्षाने घड्याळ लावून मोजलं होतं. आनंद तर झालाच, पण मनातून ओसी गेला नसावा. पुढच्या रविवारी तिने एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांनाही चालतं. त्यात एक पट्टी सरकवून तिने तेच ९० मेगाहर्ट्झ स्वतः चढवले! चार हजार दोनशेंची वस्तू, फुकटात. पुन्हा तेच चित्र लावलं. नऊ मिनिटं पन्नास सेकंद. आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं आणि हसायला लागलो. पंधरा सेकंद! तिने पट्टी परत होती तिथे आणून ठेवली. (तुमच्याकडे कुणाला असा उद्योग करायचा असेल तर आधी वॉरंटीचा कागद वाचायला लावा. कारखान्याने चढवलेला वेग वॉरंटीत धरतात, घरी चढवलेल्याबद्दल कंपनीकंपनीचे नियम वेगळे.)

तेव्हा नाशिकच्या ताई, तुमच्या मुलाला कार्ड जरूर घेऊन द्या, पण दोन्ही खोकी शेजारी ठेवून त्याच्याकडूनच त्या दोन आकड्यांची शेकडेवारी काढून घ्या. दोन्ही कार्डांचं अंग सारखंच असेल तर साधं उचला. ओसीचं अंग मोठं असेल तर त्याला विचारा की खोलीत रात्री कोण झोपतं आणि पेटीत जागा किती आहे. आणि कार्डाची मेमरी बघायला सांगा. ५०६० वर ती ८ जीबी आहे. ओसीने तिचा वेग फार तर हलेल, ८ च्या ९ व्हायच्या नाहीत. मुलाला मोठी कामं करायची असतील तर साडेचार हजार त्या दिशेने गेलेले बरे. घरातला एसएमपीएस जुना असेल तर पहिला हक्क त्याचा.

वर्षाला त्या आर्किटेक्टकडून पहिले सहा हजार मिळाले ते तिने पाकिटासकट माझ्या हातात ठेवले. “कडप्प्यासाठी,” म्हणाली. मी एक हजार घेतले, बाकीचे तिच्या खात्यात भरायला लावले. ओसीबद्दल मात्र आजपर्यंत आमच्यात शब्द झालेला नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती दिवसांनी घालावं हे तिघीजणींनी विचारलंय. ते पुढच्या अंकात.