चूक उत्तरात नाही, प्रश्नात आहे

आज एक कबुली द्यायची आहे. पनवेलमध्ये मी मुलींसाठी आणि बायांसाठी नोकरी-मार्गदर्शनाचे वर्ग घेते. या वर्गांत कित्येक दिवस मी त्यांना खोटं बोलायला शिकवत होते.

कळंबोली, कामोठे आणि आसपासच्या गावांतून या जणी येतात. बहुतेक दहावी-बारावी झालेल्या. कपड्यांची दुकानं, सोन्याच्या पेढ्या, मोबाइलच्या शोरूम, नवी मुंबईतली कॉल सेंटर, इथेच त्यांना काम मिळण्याची शक्यता. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली, तेव्हापासून काउंटरवरच्या नोकरीचीही आशा आहे.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांतलीच एक, लहान मूल असलेली, सेल्सच्या जागेसाठी मुलाखतीला निघाली होती. माल कसा दाखवायचा, गिऱ्हाईक चिडलं तर कसं बोलायचं, सगळं तिला येत होतं. शेवटी मी म्हटलं, "मंगळसूत्र पर्समध्ये ठेव. मुलाचा विषय काढू नकोस." तिनं ऐकलं. नोकरी लागली. तीन महिन्यांनी मूल तापानं फणफणलं आणि रजा मागताना खरं सांगावं लागलं. "तुम्ही माहिती लपवलीत," म्हणून तिला घरी पाठवलं. तिच्या विक्रीबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. ती मला म्हणाली, "ताई, नोकरी गेली ती गेली, वर खोटारडीही ठरले."

माझं समाजकार्याचं शिक्षण त्या दिवशी उपयोगी पडलं नाही.

मुलाखतीत बायांना काय विचारतात? लग्न झालंय का? नसेल तर कधी करणार? मूल कधी? सासू-सासरे परवानगी देतील का? उशीर झाला तर स्वयंपाक कोण करणार? वर्गातल्या एका मुलीच्या भावानंही तिच्याबरोबर त्याच जागेसाठी मुलाखत दिली. त्याला विचारलं, टार्गेट पूर्ण कराल का? प्रश्न संपले. त्याला काम विचारलं, तिला घर विचारलं.

याच प्रश्नावर आपल्या देशात एक निकाल झालेला आहे. नीरा माथुर यांना १९८९ साली आयुर्विमा महामंडळात नोकरी लागली. त्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये मासिक पाळीचे आणि गर्भारपणाचे रकाने होते. पुढे त्यांनी बाळंतपणाची रजा घेतली आणि फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणून त्यांना काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकानेच काढून टाकायला सांगितलं. न्यायालयाला दोष दिसला तो बाईच्या उत्तरात नव्हे, तिला विचारलेल्या प्रश्नात.

पण शोरूममध्ये रकाने नसतात. सगळं तोंडी. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानं मनाई केली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेली वेतन संहिताही तेच सांगते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ती मनाई आहे. मुलाखतीत लैंगिक छळ झाला, तर २०१३ च्या कायद्याखाली नोकरीत नसलेली बाईसुद्धा तक्रार करू शकते. दुकानात दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कायदे आहेत. पण जी नोकरी अजून मिळालेलीच नाही, तिच्यासाठी एकटी बाई कुणाशी आणि कशाच्या पुराव्यावर भांडणार?

म्हणून हे एकटीचं काम नाही. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायांना दिवसभर बसायला मिळत नसे. 'पेनकूट्टु' या संघटनेच्या बायांनी आणखी सहन कसं करायचं हे शिकवलं नाही, त्यांनी बसण्याचा हक्क मागितला. २०१८ मध्ये केरळात तो कायद्यात आला. आपले वर्ग मात्र बायांनाच घडवत बसले आहेत: नीट बोला, हसा, लिपस्टिक लावा, मूल लपवा. मालकाला काय शिकवायचं, याचा वर्ग आपण कधी घेतला?

मी आता खोटं शिकवत नाही. पण जिच्या घरी चूल त्या पगारावर पेटणार आहे, तिला "खरंच बोल" असं तरी कोणत्या तोंडानं सांगू? तो निर्णय तिचा, त्याबद्दल तिला दोष नाही. आम्ही वर्गात एक उत्तर घोटून घेतो: "कामाच्या वेळा सांगा, त्या पाळता येतील का ते मी सांगते." पगार, सुट्टी, कमिशन आणि नेमणूकपत्र यांबद्दल उलट विचारायलाही शिकवतो. आणि एक वही ठेवली आहे. मुलाखतीहून परतलेली प्रत्येक जण त्याच दिवशी तारीख, दुकान आणि विचारलेले प्रश्न त्यात लिहिते. वही पुरेशी भरली की ती घेऊन आम्ही दुकानदारांच्या संघटनेकडे आणि कामगार कार्यालयात जाणार आहोत.

एका वहीला कुणी भीक घालणार नाही, हे माहीत आहे. गावोगावच्या गटांनी आपापली वही सुरू करावी, आणि तिच्यात काय काय जमतंय ते जरूर कळवावं.