हप्त्यांची विक्री, एकरकमी कर

शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेणाऱ्यास भांडवली नफ्यावरील करात सवलत मिळावी, हे तत्त्व आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केले आहे. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 54-ब चा आशय हाच होता आणि 2025 च्या नव्या कायद्यातही ही सवलत कायम आहे. विक्रीपूर्वी दोन वर्षे जमीन स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असावी आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन खरेदी करावी, या तिच्या मुख्य अटी. हेतू स्तुत्य आहे. परंतु विक्री हप्त्यांनी झाली की तो बव्हंशी निष्फळ ठरतो.

नंदुरबार जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. खेड्यातील शेतजमिनीच्या विक्रीवर हा कर नाही. मात्र लाखाहून अधिक वस्तीच्या शहराभोवती सहा किलोमीटरपर्यंतची शेतजमीन कराच्या कक्षेत येते आणि नंदुरबार शहराने 2011 च्या जनगणनेत लाखाचा आकडा ओलांडला. त्यातच हा जिल्हा आदिवासीबहुल. आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींकडे जाऊ नयेत म्हणून 1974 मध्ये घातलेले निर्बंध योग्यच आहेत. तथापि त्यामुळे गिऱ्हाइकांचे वर्तुळ मर्यादित राहते. सारी रक्कम एकदम मोजणारा न मिळाल्यास विकणाऱ्यालाच सावकाराची भूमिका घेऊन उधारी द्यावी लागते.

समजा, जमीन 40 लाखांना विकली. खरेदीखताच्या वेळी 10 लाख मिळाले व उरलेले 30 लाख दरसाल 6 लाखांप्रमाणे पाच वर्षांत मिळायचे आहेत. नफा 36 लाख धरू. कायद्याच्या दृष्टीने हा सर्व नफा हस्तांतराच्या वर्षीच झाला. पैसा हाती आला की नाही, हा प्रश्न गौण. नवी जमीन तोवर घेतली नसेल, तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी नफ्याची रक्कम बँकेतील विशेष खात्यात भरावी लागते. पहिला हप्ताही न आलेल्या विक्रेत्याजवळ असतात फक्त 10 लाख. उरलेल्या 26 लाखांवर साडेबारा टक्क्यांनी कर सव्वातीन लाखांच्या घरात जातो. न मिळालेल्या पैशावरचा हा कर मिळालेल्या पैशातून द्यायचा, म्हणजे नव्या जमिनीचे भांडवल तेवढे घटले!

अमेरिकेत हप्त्यांच्या विक्रीवरील कर सामान्यतः रक्कम हाती येईल त्या प्रमाणात आकारला जातो. पण इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. सक्तीच्या भूसंपादनात आपला कायदा मोबदला प्रत्यक्ष मिळू लागेपर्यंत थांबतो. बिल्डरशी विकास करार करणाऱ्या जमीनमालकालाही, 2017 च्या तरतुदीनुसार, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत सामान्यतः कर द्यावा लागत नाही. मग जमिनीच्या बदल्यात जमीनच घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याने कोणता अपराध केला?

नोंदलेल्या खरेदीखतात हप्ते व तारखा स्पष्ट असतील, तर कर त्या हप्त्यांप्रमाणे आकारावा आणि नवी जमीन घेण्याची मुदत प्रत्येक हप्त्याच्या प्राप्तीपासून मोजावी. नोंदणीची अट असल्याने लबाडीला वाव थोडा राहील. कायदा बदलेपर्यंत विक्रेत्याने निदान बाकी रक्कम खरेदीखतात लिहून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार बाकी किमतीचा बोजा त्या जमिनीवर राहतो. तो सिद्ध करण्यास तोंडी वचनापेक्षा लेखी नोंदच उपयोगी पडते.